यंदाची आमची आवडती ध्वनिमुद्रणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरात आमचा एक छोटा श्रवणगट आहे. रविवारी सकाळी पोहे-जिलबी आटोपली की कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत जमायचं, एकच मुद्रण पहिल्या सुरापासून शेवटच्या समेपर्यंत ऐकायचं, मधे कुणी बोलायचं नाही, आणि संपल्यावर मात्र पोटभर बोलायचं. डिसेंबरात आम्ही वर्षभरातल्या आवडत्या मुद्रणांची यादी करतो आणि नातेवाइकांना, ओळखीच्यांना पाठवतो. ती आता बऱ्याच लांब जाते, तेव्हा प्रश्नही येतात. तेच तेच प्रश्न इथे एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

यंदाच्या यादीत काय काय आहे?

उस्ताद अमीर खाँ यांचा राग मारवा (१९६० सालची एलपी, म्हणजे लांब वाजणारी तबकडी, दुसऱ्या बाजूला दरबारी). कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी, ‘पिया बिन नाही आवत चैन’. किशोरीताई आमोणकरांचा भूप, म्हणजे ‘प्रथम सुर साधे’ आणि त्याला जोडून ‘सहेला रे’. केसरबाई केरकरांची भैरवी, ‘जात कहाँ हो’. मालिनीताई राजूरकरांचे टप्पे. अली अकबर खाँ यांची १९५५ सालची एलपी, सिंधभैरवी आणि पिलू. आणि एक पाश्चात्त्य मुद्रण : ग्लेन गूल्डनं पियानोवर वाजवलेली बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स.

यात यंदा निघालेलं एकही मुद्रण नाही. मग ही ‘यंदाची’ यादी कशी?

आम्ही ते यंदा ऐकलं, म्हणून. मुद्रण बाजारात कधी आलं याला आम्ही फार महत्त्व देत नाही. आज तरुण गायक-वादक उत्तम काम करताहेत आणि त्यांना ऐकायला आम्ही सभागृहात जातो, तिकीट काढून, पुढच्या रांगेत बसून. पण एखादं मुद्रण आवडतं म्हणायचं तर ते वर्षभर सोबत राहायला हवं, पहिल्या ऐकण्यात जे दिसलं नाही ते पाचव्या-सहाव्या ऐकण्यात दिसायला हवं. गेल्या महिन्यात आलेल्या मुद्रणाला तेवढा वेळच मिळालेला नसतो. ते दोन-तीन वर्षांनी यादीत येईल, आणि तेव्हा पक्कं येईल.

क्रमांक का देत नाही?

झिंझोटीतली तीन मिनिटांची ठुमरी आणि विलंबित (अगदी संथ) झुमरा तालातला मारवा यांत पहिला-दुसरा कोण हे ठरवता येत नाही, आणि ठरवून हातात काही येत नाही.

मारव्यावर तुम्ही इतकं लिहिता. त्यात असं काय आहे?

मारव्यात पंचम नाही. रिषभ कोमल, मध्यम तीव्र, बाकी शुद्ध. नेमके हेच स्वर पुरियातही आहेत आणि सोहनीतही. म्हणजे स्वरांची यादी बघून राग ओळखायला गेलात तर हाती काही लागणार नाही. पुरिया गंधार-निषादाला धरून मंद्रात (खालच्या सप्तकात) रमतो, सोहनी वरच्या षड्जाकडे धाव घेते, आणि मारव्याचा सगळा भार रिषभ-धैवतावर. षड्जावर यायचं तेही जपून, उशिरा. तानपुरा मागे सतत षड्ज देत असतो आणि गवई त्याला बगल देत राहतो. ऐकणाऱ्याला घर समोर दिसतं, पण पाय टेकू देत नाहीत. मारव्यातली ती हुरहुर इथून येते.

अमीर खाँसाहेबांचं मुद्रण ऐकताना पहिली काही आवर्तनं (तालाचे फेरे) फक्त एवढंच करा : ते षड्जावर केव्हा येतात त्याची वाट बघा. ‘पिया मोरे अनत देस’ ही विलंबित बंदिश. शब्द अगदी थोडे, आणि तेही ते सावकाश, एकेका अक्षराला वजन देत टाकतात. मंद्र धैवतावर थांबतात, तिथून कोमल रिषभाला हळूच हात लावतात आणि परत खाली येतात. पुढचा स्वर ऐकू येण्याआधीच आपल्या मनात तयार होतो, इतका अवकाश त्यांनी ठेवलेला असतो. झुमरा चौदा मात्रांचा, ३-४-३-४ असा विभागलेला. तबला साधा ठेका धरून बसलाय, कुठे आपली करामत दाखवायला पुढे येत नाही. खाँसाहेबांना तबल्याकडून तेवढंच हवं असे.

आणि आम्ही इंदूरकर म्हणून आणखी एक गोष्ट अगत्यानं सांगतो. अमीर खाँ इथे वाढले. वडील शहामीर खाँ सारंगिये, भेंडीबाजार घराण्याच्या तालमीतले. घरात गाणाऱ्या-बजावणाऱ्यांची ये-जा. शेजारच्या देवासला रजब अली खाँ, ज्यांच्या तानेची ऐट त्या काळी गाजत होती. पुढे या मुलानं किराणा घराण्याच्या अब्दुल वहीद खाँ यांची संथ बढत (राग हळूहळू उलगडत नेणं) कानात साठवली, अमान अली खाँ यांच्या सरगमेचं वळण घेतलं, रजब अली खाँ यांच्या ताना घेतल्या, आणि त्यातून जे उभं केलं त्यालाच लोक इंदूर घराणं म्हणू लागले. मेरुखंड म्हणून जी स्वरांची मांडणी त्यांच्या गाण्यात येते, तिचं गणित सोपं आहे : तीन स्वरांच्या मांडण्या ६, चारांच्या २४, सातांच्या ५०४०. त्यांतल्या कुठल्या रागाला शोभतात आणि कुठल्या टाकायच्या, हे मात्र गणितानं कळत नाही. ‘गुरु बिन ग्यान न पावे’ ही द्रुत (जलद) बंदिश सुरू झाली की त्या सरगमा लक्ष देऊन ऐका. इतक्या वेगातही मारवा पुरियाकडे झुकत नाही.

तुम्ही सकाळी जमता. मग मारवा, भूप सकाळी ऐकला तर चालतो का?

मुद्रणाला घड्याळ नाही, पण आपल्याला आहे. मारवा सूर्यास्ताचा. त्यासाठी आम्ही त्या आठवड्याची बैठक संध्याकाळी घेतली, आणि ती सर्वांना मानवली. ज्यांना नोकरी-धंद्यापायी वेळ साधत नाही त्यांनी मिळेल तेव्हा ऐकावं. न ऐकण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरं. एकदा तरी मात्र योग्य वेळेला ऐकून बघा.

तीन मिनिटांच्या जुन्या रेकॉर्डमध्ये राग कसा मांडणार? त्या फक्त इतिहास म्हणून ऐकायच्या ना?

मुळीच नाही. हा समज खोडून काढावा असं आम्हाला फार वाटतं.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे लोक कलकत्त्याला आले आणि गौहर जान यांचं गाणं मुद्रित झालं. त्या रेकॉर्डच्या शेवटी बाई इंग्रजीत स्वतःचं नाव सांगतात. ती हौस नव्हती. मूळ मुद्रणं जर्मनीत हॅनोवरला जात, तिथे रेकॉर्डी छापल्या जात, आणि तिथल्या कामगारांना कोणतं गाणं कुणाचं हे कळावं म्हणून नाव सांगायची पद्धत पडली. कलकत्त्यात कारखाना निघाला तो १९०८ मध्ये. दहा इंची रेकॉर्डची एक बाजू साधारण तीन मिनिटांची, बाराइंचीची थोडी जास्त. माइकही नव्हते. मोठ्या कर्ण्यासमोर तोंड करून गायचं आणि त्या कंपनानं सुई मेणावर रेघ ओढायची. विजेवर चालणारी मुद्रणाची पद्धत १९२५ नंतर आली.

आता या अटीत कलावंतांनी काय केलं बघा. त्यांनी तासभराचं गाणं कापून तीन मिनिटांचं केलं नाही. तीन मिनिटांचं गाणंच वेगळं रचलं. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी घ्या. पहिल्याच ‘पिया बिन’ला रागाचा चेहरा समोर उभा. मग त्याच दोन शब्दांना ते दर वेळी वेगळ्या स्वरावरून उचलतात, आवाज कुठेही न चढवता. त्यात भरतीचा एक स्वर सापडत नाही. लहानग्या भीमसेन जोशींना घर सोडून गुरूच्या शोधात जायला लावणारं गाणं हेच. केसरबाईंच्या ‘जात कहाँ हो’चं तर विचारूच नका. जेमतेम साडेतीन मिनिटांची ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर अंतराळयानावरच्या सुवर्णतबकडीत गेली. पण यान विसरून ऐका, आणि त्यांचा श्वास कुठे तुटतो ते शोधा. आम्ही चौघं-पाच जण कान लावून बसलो होतो, तरी एकमत झालं नाही.

आमच्यातल्या एका काकांचा आग्रह असतो की अशी रेकॉर्ड लागोपाठ तीनदा ऐकायची. पहिल्यांदा शब्द, दुसऱ्यांदा सूर, तिसऱ्यांदा फक्त लय. सगळं मिळून दहा मिनिटं. करून बघा.

एलपी आली आणि एका बाजूला वीसेक मिनिटं मिळाली, तेव्हा मारव्यासारखं काही शक्य झालं. अली अकबर खाँ यांची १९५५ची एलपी भारतीय रागसंगीताची पहिली एलपी मानली जाते. न्यूयॉर्कमध्ये झालेलं हे मुद्रण, तबल्यावर चतुरलाल, आणि सुरुवातीला व्हायोलिनवादक येहुदी मेन्युइन श्रोत्यांना राग आणि वाद्यं यांची ओळख करून देतात. ते निवेदन वगळून पुढे जाऊ नका. सरोद कधीच न ऐकलेल्या माणसांसमोर हे वाद्य कसं ठेवलं गेलं, ते ऐकण्यासारखं आहे.

भजनं शास्त्रीय संगीताच्या यादीत कशी?

कुमारजींची म्हणून. १९४८ मध्ये ते क्षयानं आजारी होऊन देवासला आले आणि पुढची काही वर्षं त्यांना गाण्याची परवानगीच नव्हती. त्या काळात अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळव्याचं गाणं ऐकलं : लग्नातली, सणावारांची लोकगीतं, दारावरून जाणाऱ्या नाथपंथी जोग्यांची पदं. पुढे त्यातून धुनउगम (लोकधुनींतून उगवलेले) राग आले, मालवती, संजारी, सहेली तोडी, लगन गंधार, आणि त्यातूनच निर्गुणी भजनांचा तो लगाव, म्हणजे स्वर लावण्याची तऱ्हा, आली. ‘सुनता है गुरु ग्यानी’ ऐका. ‘गगन में आवाज हो रही झीनी झीनी’ या ओळीशी आवाज एकदम बारीक होतो, पण स्वर पातळ होत नाही. पुढच्याच क्षणी पूर्ण गळ्यानं फेकलेला स्वर, आणि त्यानंतरची रिकामी जागा. ख्यालात ज्या ताकदीनं ते स्वर लावत तीच ताकद इथे आहे. असा स्वर जिथे लागतो ते गाणं आमच्या यादीत येणारच.

इंदूरहून देवास तासाभराच्या वाटेवर. या मातीतल्या धुनी आपण गल्लीबोळांत ऐकत होतो आणि त्यांत राग आहेत हे त्यांनी आपल्याला दाखवलं, याची कृतज्ञता आमच्या यादीत दरवर्षी कुठे ना कुठे असते.

ग्वाल्हेर तुमच्याच राज्यात, आणि ग्वाल्हेर घराण्याचं एकच नाव?

तक्रार रास्त आहे. ग्वाल्हेरच्या वाचकांनी कृष्णराव शंकर पंडितांचं नाव आवर्जून कळवलं आहे, ते पुढच्या वर्षासाठी नोंदवून ठेवलंय. मालिनीताईंचे टप्पे निवडले कारण टप्पा हा प्रकार ग्वाल्हेरनं जपला आणि तो इतक्या सहजपणे गाणारं माणूस विरळा. टप्प्यात स्वर क्षणभरही थांबत नाही, प्रत्येक शब्दाला दाणेदार तान लगटलेली, तरी त्यांच्या चेहऱ्यावर आणि आवाजात ताण कसला तो नाही. २०२३ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या मैफिलींची चलच्चित्रं उपलब्ध आहेत, ती बघत ऐकली तर हे अधिक कळेल.

इंदूर आणि ग्वाल्हेर एकत्र ऐकायचं असेल तर ‘बैजू बावरा’ (१९५२) चित्रपटातलं ‘आज गावत मन मेरो झूमके’ आहेच. अमीर खाँ आणि ग्वाल्हेर घराण्याचे द. वि. पलुस्कर, राग देसी, नौशाद यांचं संगीत. पलुस्कर त्यानंतर तीनच वर्षांनी गेले, अवघ्या चौतिसाव्या वर्षी.

पियानोचं मुद्रण घेण्याचं काय कारण?

गटातल्या एका मुलीनं आणलं आणि सगळे गुंतलो. गूल्डनं हीच रचना १९५५ मध्ये मुद्रित केली आणि पुन्हा १९८१ मध्ये, त्याच न्यूयॉर्कच्या स्टुडिओत. पहिलं सुमारे ३८ मिनिटांचं, दुसरं सुमारे ५१. पुढच्याच वर्षी तो वारला. सुरुवातीची आरिया, तिच्यावर तीस रूपं आणि शेवटी पुन्हा आरिया, अशी तिची मांडणी. लिहून ठेवलेल्या, एक स्वरही न बदलता येणाऱ्या संगीतात माणूस एवढा वेगळा कसा वाजवू शकतो, हा प्रश्न आम्हाला महिनाभर पुरला. बंदिश तीच आणि गाणं वेगळं, हे आपल्याकडे रोजचंच. तिथेही ते आहे, फक्त लयीत आणि आघातांत शोधावं लागतं.

यूट्यूबवर तेच मुद्रण वेगवेगळ्या पट्टीत का ऐकू येतं? खरं कोणतं?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि तो महत्त्वाचा आहे. कारण वेग. जुन्या रेकॉर्डी मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या म्हणतात, पण सुरुवातीच्या काळात तो आकडा सर्वांनी पाळलेला नव्हता. पुढे रेकॉर्डवरून टेपवर, टेपवरून कॅसेटवर, कॅसेटवरून संगणकावर उतरवताना प्रत्येक ठिकाणी यंत्र थोडं हळू किंवा जलद फिरलं की फरक साचत जातो. वेग सुमारे सहा टक्के वाढला की सूर हार्मोनियमवर एक घर वर जातो, म्हणजे काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये ऐकू येतं. आणि पट्टीबरोबर लयही वाढते.

ओळखायचं कसं? हार्मोनियम किंवा मोबाइलमधला तानपुरा घेऊन षड्ज जुळवा. तो दोन घरांच्या मधोमध पडत असेल तर शंका घ्यायला जागा आहे, मात्र जुन्या काळी तानपुरे हार्मोनियमला धरून लागतच असं नाही, तेव्हा एवढ्यावर निकाल देऊ नका. त्याच कलावंताची एकाच काळातली दोन-तीन मुद्रणं शेजारी ठेवा, पट्टी बहुधा जुळते. आणि आवाजाचा पोत ऐका. वेग वाढलेला असेल तर ‘आ’कार चिमटल्यासारखा लागतो, तबल्याची चाट (काठावरचा आघात) टोकदार होते, दमसास असलेल्या गवयाचा श्वास आखूड वाटतो. वेग कमी असेल तर मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) ओघळते आणि डग्गा घुमण्याऐवजी फुगतो. थोड्या सवयीनं हे कानाला लगेच कळू लागतं.

खरखर काढून टाकलेली ‘स्वच्छ’ आवृत्ती घ्यावी का?

बेतानं. खरखर काढताना तानपुऱ्याची झणकार, सारंगीच्या गजाचा घासणारा आवाज आणि गवयाचा श्वास हेही त्याच पट्ट्यात येतात आणि त्यांच्यावरही कात्री चालते. मग गाणं पोकळीत चाललंय असं वाटतं. आम्ही शक्यतो हात न लावलेली आवृत्ती घेतो. पाच मिनिटांत कान खरखरीला विसरतो, पण गेलेला तानपुरा काही परत येत नाही. महागडी यंत्रं नकोत. बरे स्पीकर, शांत खोली आणि बंद पंखा पुरतो. एकाच वाहिनीचं, म्हणजे मोनो मुद्रण असेल तर स्पीकर कुठे ठेवले याचीही फार काळजी नको. कॅसेट असतील तर प्लेअरचं हेड स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसानं पुसून घ्या. निम्मा ‘खराब आवाज’ तिथेच जातो.

घरातली मुलं विलंबितला कंटाळतात. कुठून सुरुवात करू?

‘सहेला रे’पासून. भूप पाच स्वरांचा, कानाला लगेच धरणारा, आणि बंदिश गुणगुणता येते. दोन-तीन दिवसांनी तेच मुद्रण पहिल्यापासून लावा, म्हणजे ‘प्रथम सुर साधे’ची संथ बढत त्यांना ओळखीच्या गावात नेईल. आधी द्रुत आणि मग विलंबित, हे काही जाणकारांना पटत नाही. आमच्या गटातल्या मुलांना त्यानंच गोडी लागली, म्हणून आम्ही ते बिनदिक्कत सुचवतो. त्यांच्याकडून हातावर मात्रा मोजून घ्या. सम (तालाची पहिली मात्रा) बरोबर पकडली की मूल जे खुलतं, त्यापुढे कुठलंही व्याख्यान नको.

ही मुद्रणं पेन ड्राइव्हवर द्याल का?

जी मोकळी आहेत ती कुठेही मिळतात. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षं असतो. म्हणजे ७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डी मोकळ्या झाल्या, १९६०चा मारवाही झाला. त्यानंतरची विकत घ्या किंवा अधिकृत ठिकाणी ऐका. आणि घरगुती मैफिलींची खासगी मुद्रणं आम्ही कुणालाच देत नाही, कितीही जवळचा माणूस असला तरी. कलावंतानं ते गाणं समोरच्या वीस-पंचवीस जणांसाठी गायलेलं असतं. त्याच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या परवानगीशिवाय ते पुढे जाऊ नये.

पुढच्या वर्षासाठी मुद्रण सुचवायचं आहे. काय कळवू?

कलावंत, राग, बंदिशीचे पहिले शब्द, आणि माहीत असल्यास रेकॉर्ड कंपनी व साल. मैफिलीचं असेल तर साथीला कोण होतं तेही. याखेरीज एक गोष्ट हवीच : त्यातली नेमकी कोणती जागा तुम्हाला पुन्हा पुन्हा ऐकावीशी वाटते, मिनिट-सेकंदासकट. ‘अप्रतिम आहे’ एवढंच लिहून पाठवू नका. सूचना ऑक्टोबरअखेर आल्या तर नोव्हेंबरच्या बैठकांत त्या ऐकता येतात.